विटेचं वाण

२ डिसेंबर

आज कमिटीत पहिल्यांदा बसले. नाट्यसंमेलन आपल्या खामगावात! महिनाअखेरीला तीन दिवस, कापूस पिंजायच्या जुन्या बंद जिनच्या आवारात, म्हणजे आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडेच. कन्याशाळेची मोठी बाई म्हणून मला बोलावलं असं म्हणाले. खरं म्हणजे फोटोत एक तरी लुगडं दिसावं म्हणून. दादा मांडवप्रमुख. घरी माझा भाऊ, इथे छातीवर बिल्ला. अजून बांबू आला नाही, बिल्ला आला.

अध्यक्षसाहेब (न.पा.चे तेच, संमेलनाचेही तेच) चिंतेत. बायकांची तिकिटं खपत नाहीत. "नाटक कोनतं, काम कोन करते, सारं इचारतात. तिकीट म्हनलं का पदर सावरून चालल्या!" सगळे हसले. एकजण म्हणाला, बायकांना मुळात गोडीच नाही. खोटं आहे. नाक्यावर जाहिरात लागल्यापासून पाण्याला जाणाऱ्या बायका घागर काखेत धरून तिथे रेंगाळतात. वाचता न येणाऱ्याही. नटीचं चित्र पाहतात, तिच्या नथीवर चर्चा.

मग तिकीट का नाही? असा एखादा प्रश्न हाती लागला की मला बरं वाटतं. शाळा तपासणीपेक्षा केव्हाही बरा.

५ डिसेंबर

घरोघर हिंडले. निमित्त मुलींच्या हजेरीचं. उत्तरं अशी: थंडी फार. लेकरू रडतं. यांना विचारते. पाहू. सोनाराच्या सुनेने तर सांगितलं की तिला नाटकात झोप येते. तिने आयुष्यात नाटक पाहिलेलं नाही. इतक्या बायकांची इतकी वेगवेगळी कारणं, म्हणजे खरं कुणीच सांगत नाही.

वहिनीला नाट्यपदं तोंडपाठ. तीही म्हणते "पाहू". खोदून विचारलं तर भाकरी थापायला बसली. भाकरी थापताना ती कुणाचंच ऐकत नाही.

कमल आज पुन्हा नाही. कमल इंगळे, तिसरीची बाई, रोज पिंपळगाव राजाहून एस.टी.ने येते. पुन्हा ताप. हे आता नेहमीचं झालंय.

८ डिसेंबर

सापडलं!! आणि कुठे सापडलं, तर माझ्याच हातात.

कमिटी दुपारी बसली ती दिवेलागणीपर्यंत. चहा आला. मी हात आडवा केला. पुन्हा आला, पुन्हा नको. अध्यक्ष म्हणाले, "बाई, उपास हाय का आज?" उपास नव्हता. घसा कोरडा पडला होता, चहाला आल्याचा वास होता, आणि तरी हात आपोआप आडवा झाला. मग मी त्या हाताकडे बघत बसले. का? नोकरीला लागल्यापासून घराबाहेर मी चहा घेत नाही, पाणी घेत नाही. लोकांना वाटतं विधवा बाई, सोवळ्याची असेल. मीही तसंच वाटू दिलं. कारण एवढंच की प्यायलं तर जायचं कुठे? घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. पुरुष मधेच उठून भिंतीआड जाऊन आले, दोघं-तिघं. मला भिंत नाही.

तीन-चार तासांचं नाटक. आधी तास-दीड तास जागा धरून बसणं. कोण बाई तिकीट काढेल?

तिथे बोलायला तोंड उघडलं. मिटलं. नऊ पुरुष.

९ डिसेंबर

कमल आली. डोळे खोल गेलेले. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन सरळ विचारलं, दिवसभरात पाणी किती पितेस?

"सकाळी गाडीच्या आधी एक घोट, बाई. मंग घरी गेल्यावर."

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंय की पाणी पीत जा, नाहीतर जळजळ आणि ताप जाणार नाही, मूत्रपिंडावर जाईल. आई म्हणते नोकरी सोड. "आईचंही खरं हाय. वीटभट्टीवर राबून शिकवलं तिनं मले. आता तीच म्हनते, पोरगी राह्यली तं नोकरी. म्या म्हनलं, जानेवारी सरू दे. मंग पाहू."

वर्गात काय शिकवते ही मुलगी! पाढे म्हणताना तिसरीच्या पोरी नाचतात. आणि ती जाणार, ते तांब्याभर पाण्यापायी. मला फार राग आला. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून शाळेच्या मालकावर काढला. शाळेचं घर भाड्याचं, मागे तसली सोयच नाही. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत, त्याचंही कोडं आज सुटलं.

१२ डिसेंबर

बोलले.

"मांडवापाशी बायकांसाठी मुतारी पाहिजे."

शब्द फिरवून बोलायचं ठरवून गेले होते, ऐन वेळी सरळच निघाला. दादा बिल्ल्याकडे बघत होता. अध्यक्षसाहेब खाकरले, "पाहुन्या नट्याईची सोय बंगल्यावर केली ना बाई." मी म्हटलं, नट्या नाटक करतील. बघणारणींचं काय? आणि ही सोय झाली तर बायकांकडची तिकिटं मी खपवते, सगळी.

तिकिटं म्हटल्यावर कान टवकारले. मंजूर. पत्र्याची, तात्पुरती. मी एकच अट घातली: खाली दगडगोटे भरलेला शोषखड्डा हवा, कुणाला डोक्यावरून काही वाहून न्यायला लागू नये. तेही मंजूर.

रात्री जेवताना दादा, "यमे, चार लोकाईत असं बोलतेत का वं?" वहिनी वाढत होती. वांग्याची भाजी माझ्या पानात दोनदा पडली, त्याच्या एकदाच.

२० डिसेंबर

तिकिटं खपली. दारात जाऊन नुसतं कानात सांगायचं, "सोय आहे." बाई आत जाते आणि डब्यातून पैसे घेऊन येते. सोनाराच्या सुनेने तिन्ही दिवसांची घेतली. झोपेचं काय झालं, विचारलं नाही.

२७ डिसेंबर

दादाने मोठ्या हौसेने दाखवायला नेलं. मी बघतच राहिले.

मुतारी मुख्य फाटकाला लागून. समोर चहाचं हॉटेल, बाकड्यांवर अख्खं गाव. दारावर आंब्याचं तोरण. दोन्ही बाजूंना पताका. वर पेंटरकडून रंगवलेला फलक, "महिलांकरिता", कमळाच्या चित्रासकट. आणि दाराशी बिल्ला लावलेला स्वयंसेवक, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करून दाखवतोय. रात्रीसाठी वर मोठा दिवा.

"दादा, हे काय रे?"

"मंग! पायजे म्हनलं ना तुनं? दिसली पायजे लोकाईले. साऱ्या वऱ्हाडात अशी नसन."

त्याचा चेहरा असा फुललेला की मला बोलवेना. चूक माझी, जागा कुठे हवी ते सांगितलंच नव्हतं. मला वाटलं ते न सांगता कळतं. पुरुषांना न सांगता काहीच कळत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

२८ डिसेंबर

पहिला दिवस. बायकांची बाजू गच्च. पडदा उघडला, वहिनी माझा हात धरून बसलेली. मध्यंतर झालं. एकही बाई त्या तोरणाखालून गेली नाही. तो स्वयंसेवक ओरडतोय, "इकडं या माय, इकडं!" बाकड्यावरचे माना वळवून बघतायत. बायका उठल्या त्या थेट घरी. दुसऱ्या अंकात नायिका रडत होती आणि बायकांच्या बाजूला रिकाम्या सतरंज्या.

दादा पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. त्याचंही वाईट वाटलं मला.

२९ डिसेंबर

दुपारी मांडवात कुणी नव्हतं. मी, वहिनी, कमल. पक्कड कमलने आणली, शाळेच्या घंटेची तार आवळायची. मागच्या बाजूचा एक पत्रा सोडवला. मागे शाळेची भिंत, लिंबाची दाट सावली, अरुंद बोळ. तिकडून कुणाला काही दिसत नाही. पुढचं दार तारेने घट्ट बांधून टाकलं. तोरण राहू दिलं. स्वयंसेवकही राहू दिला, त्याला काय बिचाऱ्याला.

वहिनी पत्रा ओढताना खुदखुदून हसत होती. इतकी मोकळी मी तिला घरात कधी पाहिली नाही.

संध्याकाळी पुन्हा कानात सांगणं: मागून. मध्यंतरात बायका दोन-दोन, चार-चार उठल्या. बोळात रांग लागली. आधी पाहिलं गेलं, पुढे कोण, मागे कोण, कुणाला किती अंतर. मग तिसरी घंटा झाली आणि सगळ्या एकमेकींना ढकलायला लागल्या. देशमुखांची थोरली सून कमलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अवं सरक ना माय, अंक सुरू व्हते!" अंक संपेपर्यंत एकही बाई हलली नाही.

तिकडे पुढच्या दाराशी स्वयंसेवक अजून हाका मारत होता.

३१ डिसेंबर

काल संमेलन आटोपलं. भाषणं झाली, नगरी धन्य झाली वगैरे. पाहुणे गेले. आवारात पत्रावळी, सुकलेली फुलं, एक हरवलेली चप्पल.

प्रश्न: अशा एवढ्या मोठ्या सोहळ्यातून गावाला नंतर काय उरतं? नाटकं तर लोक विसरतील. अध्यक्षसाहेब कोनशिला बसवायचं म्हणतात. बघायला हवं, नीट लक्ष ठेवून.

३ जानेवारी

लक्ष ठेवलं. बाजाराचा दिवस होता, बाजार शाळेसमोरच भरतो. खेड्यांवरून भाजी, अंडी घेऊन येणाऱ्या बायका एरवी दुपार झाली की उरलंसुरलं पडेल भावाला देऊन गाडी गाठतात. व्यापारी ठाऊक असल्यासारखे तोवर झाडाखाली बसून असतात. आज त्या बायका हलल्याच नाहीत. आळीपाळीने लिंबाच्या बोळात जाऊन येत होत्या. कुणी सांगितलं त्यांना? कमल हसली. एस.टी.त सगळ्या तिच्याच शेजारी बसतात ना.

एक व्यापारी तीनदा उठला आणि तीनदा परत बसला. मी शाळेच्या खिडकीतून बघत होते, चौथीला भागाकार घालून.

कमल हल्ली शाळेत पाणी पिते. रंग बदललाय तिचा.

६ जानेवारी

सकाळी ठकठक. मांडववाल्याची माणसं. पत्रे भाड्याचे, मांडवाबरोबर जाणारच होते. इतकं साधं मला कसं सुचलं नाही? गाडीत पत्रे चढताना बघत उभी राहिले. तोरणही गेलं.

शोषखड्डा मात्र तसाच आहे. खड्डा गाडीत घालता येत नाही.

मधल्या सुट्टीत कमल माठापर्यंत गेली आणि पेला पालथा ठेवून परत आली.

१० जानेवारी

अध्यक्षांकडे. "बाई, संमेलनापुरतं व्हतं. संमेलन झालं. आता तुमीच सांगा, मी सभेत काय म्हनून मांडू? हसतीन लोक." मी म्हटलं, कोनशिला मांडणारच आहात, तिच्याशेजारी मांडा. रागावले. चहा विचारला. मी नको म्हटलं, आणि का नको तेही सांगितलं. त्यांचा कप हातातच राहिला.

आत पडद्याआड बांगड्या वाजल्या. अध्यक्षीणबाई ऐकत होत्या बहुतेक.

कमलला पुन्हा ताप.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. घरात वाणाची चर्चा. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णींना वहिनी गेल्या वर्षी गाळण्या देऊन चुकली, त्याआधी साबणाच्या डब्या. यंदा काय लुटायचं?

तीळ भाजता भाजता म्हणाली, "ताई, इटा लुटल्या तं?"

मला आधी कळेना. वहिनीचं असं की वर्षभर बोलत नाही, आणि मग बोलते. वाण म्हणून प्रत्येकीला एक वीट द्यायची. दिलं ते दिलं. घेणारीने ती कुठे नेऊन ठेवायची, ते तिचं ती बघेल. "बोळातून जाता जाता ठेवली एखादीनं खड्ड्यापाशी, तं तिले कोन इचारते?"

दादा ओसरीवरून, "इटा? आन् लोक काय म्हनतीन?" वहिनी तीळ भाजत राहिली.

१६ जानेवारी

हळदीकुंकू झालं. या दिवशी मी दुपारपासून वाचनालयात जाऊन बसते, विसाव्या-बाविसाव्या वर्षापासूनचा नेम. आपल्याला पाहून कुणी अवघडू नये. आजही चप्पल घातली होती. वहिनी दारात आडवी आली. हातात वीट.

"ताई, हे तुमचं."

कुंकू नाही, हळद नाही. नुसती वीट. इतक्या वर्षांत मला कुणी वाण दिलं नव्हतं. रडले मी, दारातच, बायकांसमोर. कुणी अवघडलं नाही. बायका माझ्याकडे पाहत होत्या आणि आपापली वीट पदराखाली घेऊन उभ्या होत्या, जड जात होती त्यांना.

मग आम्ही सगळ्या बोळाच्या रस्त्याने गेलो.

२० जानेवारी

पसरलं! सोनाराकडे विटा. देशमुखांकडे विटा. पिवळ्या, भाजक्या, एका घरी तर चुकून फरशी. वीटभट्टीवाला बैलगाडी गल्लीत आणतो, तो गोंधळलाय, भर संक्रांतीत कोणाचं बांधकाम निघालं म्हणून. मागच्या गल्लीतल्या पांढऱ्या लुगड्याच्या काकू, ज्यांना मी आजवर फक्त देवळात पाहिलं, त्या दुपारी एकट्याच बोळात आल्या, वीट ठेवली, माझ्याकडे न बघता गेल्या.

कमल म्हणाली, "बाई, कुंकवाले आम्ही येत नाही आता. धम्म घेतला तेव्हाच सोडलं ते. पन ईट आनीन." आज पिशवीत घालून एस.टी.ने घेऊन आली. शेजारणीनेही आणली, तिच्या शेजारणीनेही. कंडक्टर म्हणाला म्हणे, हे सामान टपावर टाका. टाकलं नाही. मांडीवर घेऊन आल्या.

हळदीकुंकू असं रथसप्तमीपर्यंत चालतं. अजून दिवस आहेत.

२४ जानेवारी

बाजार. कमलची आई आली. उंच, काटक, कमी बोलणारी. मुलीला घेऊन जायला आली असावी, कारण आल्या आल्या मला म्हणाली, "बाई, रागावू नोका. पोरीले नेतो." मी तिला बोळात नेलं.

विटांचा ढीग बघून थांबली. बायका ठेवून गेलेल्या, कशाही, वाकड्या-तिकड्या. तिने एक उचलली, उलटी-सुलटी केली. "कच्ची हाय हे." बाजूला ठेवली. दुसरी उचलली. मग पदर खोचला. मी, कमल आणि बाजाराला आलेली वहिनी, तिघी हाताखाली. ती रचत गेली, भट्टीवर रचतात तशी, सांध्यावर सांधा न आणता. ना चुना, ना माती. दुपार कलेपर्यंत खड्ड्याच्या तिन्ही बाजूंनी छातीएवढी भिंत, चौथ्या बाजूला आडवळणाची वाट.

हात झटकून लेकीला म्हणाली, "जाऊन ये."

कमल लाजली. पण गेली. आई बाहेर पहाऱ्याला उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. संध्याकाळच्या गाडीने एकटीच परत गेली. नोकरीचं काही बोलली नाही. कमलही नाही. मी विचारलं नाही, मला धीर झाला नाही.

२७ जानेवारी

न.पा.चा शिपाई आला. विनापरवाना बांधकाम, ताबडतोब काढावे. मी त्याला बोळात नेलं आणि वरची वीट उचलून हातात दिली. "बांधकाम कुठं आहे? चुना दाखव. वाण ठेवलंय बायकांनी." तो वीट घेऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्या मंडळीनंही ठेवली म्हने." वीट होती तिथे नीट बसवली आणि गेला. उद्या अध्यक्षसाहेब स्वतः पाहणीला येणार आहेत, माणसं घेऊन. एका धक्क्याने पडेल अशी भिंत.

आज त्यांच्याच घरी हळदीकुंकू आहे. वहिनी गेली आहे. दुपारी त्यांच्या वाड्याच्या मागल्या दाराने वीटभट्टीची बैलगाडी आत गेली असं दादा सांगत होता. डोळ्यांनी पाहिलं म्हणे. कशासाठी गेली, ते वहिनी आल्यावर कळेल. दादा दारात दोनदा जाऊन आला, मी तीनदा.

महिना सरत आला. कमलने अजून काही सांगितलेलं नाही. आज मधल्या सुट्टीत ती माठापाशी गेली. पेला सुलटा केला, भरला. मी बघतेय हे तिला कळलं.

"तहान लागली व्हती, बाई," म्हणाली, आणि आणखी एक पेला प्यायली.